गडग्यावर गांजा

"ताई, गांजाचं तेल गुडघ्याला चोळतात म्हणे. खरं का हो?"

वहिनींच्या बोलण्याला प्रस्तावना नसते. आमसुलांची ताटं त्यांनी गडग्यावर उन्हात मांडली, पदराला हात पुसले आणि एकदम गांजावर आल्या. मी इकडे अळूला पाणी घालत होते. पाइप तसाच खाली टाकला.

"कोण म्हणे?"

"माझा भाचा. कंपनीच्या कामाला बँकॉकला गेलाय. काल व्हिडिओवर अख्खं दुकानच दाखवलंन. बाहेर हिरव्या पानाची पाटी, आत काचेच्या बरण्या. म्हणतो, मावशी, तुझ्या गुडघ्याला बाटली आणतो आणि झोपेला चघळायच्या गोळ्या."

"त्याला म्हणावं, रिकाम्या हातांनी ये. मुंबईच्या विमानतळावर बाटली सापडली तर गुडघा राहील बाजूला, वकील शोधत फिरावं लागेल."

"पण तिकडे तर दुकानात मिळतं!"

"दुकान तिकडे, पण विमान उतरणार इकडे. जिथे उतराल तिथला कायदा लागतो."

वहिनींना पटलं नाही. त्या कोपर टेकून गडग्यावर रेलल्या. याचा अर्थ माझी अळूची खाचरं आज कोरडी राहणार. "तुम्ही आयुष्यभर औषधांच्या दुकानात काढलंत. जरा नीट सांगा बघू. थायलंडवाले शहाणे की आपण?"

"थायलंडने शहाण्यासारखी सुरुवात केली होती. २०१९ मध्ये फक्त औषधापुरती परवानगी दिली. आग्नेय आशियात पहिलीच. मग अनुतिन चार्नविराकुल आरोग्यमंत्री झाले. घरटी गांजा लावा, चार पैसे मिळवा, हा त्यांच्या पक्षाचा निवडणुकीतला मुद्दाच होता. जून २०२२ मध्ये त्यांनी झाडच अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर काढलं आणि सरकारतर्फे दहा लाख रोपं वाटायची घोषणा केली."

"रोपं? आपल्याकडे वनमहोत्सवात वाटतात तशी?"

"तशीच. नोंदणीला मोबाइलवर अ‍ॅपसुद्धा काढलं. हेतू औषधाचा, असं मंत्री पुन्हा पुन्हा सांगत होते. पण झाड यादीतून सुटलं आणि ते कुणी विकायचं, कुणाला, किती, हे सांगणारा कायदा संसदेत अडकून पडला. मधल्या काळात दुकानं निघाली हजारोंनी. औषध घेणारे राहिले घरी आणि पर्यटक दारात रांग लावून."

"वरातीमागून घोडं."

"ते घोडं जून २०२५ मध्ये आलं. अनुतिन यांचा पक्ष सरकारातून फुटला आणि आठवड्याभरात आरोग्य खात्याचा हुकूम निघाला: यापुढे गांजाचं फूल हवं असेल तर चिठ्ठी दाखवा. आणि गंमत ऐका, सप्टेंबरात तेच अनुतिन पंतप्रधान झाले."

"म्हणजे भाच्याने दाखवलेलं दुकान?"

"आता त्याच्यावर दवाखान्याची पाटी लागली असेल. बरण्या त्याच."

एवढ्यात पलीकडच्या बेड्यातून अप्पा आले. अप्पा कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. हातातल्या पेपराची सुरळी करून त्यांनी गडग्यावर आपटली. "सकाळी सकाळी बायकांच्या तोंडी गांजा?"

"औषधी गांजा हो," वहिनी म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यासाठी."

"एनडीपीएस कायदा, १९८५," अप्पांनी तोंडपाठ सुरू केलं. "गांजा एक किलोपर्यंत म्हणजे अल्प प्रमाण. वीस किलोच्या वर गेला की व्यापारी. व्यापारी ठरला की किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि लाखाचा दंड. उसात नाहीतर हळदीत गांजा लावला आणि पोलिसांनी उपटला, अशी बातमी वाचता ना? तोच हा कायदा."

"आणि भांग? महाशिवरात्रीला घोटतात ती?"

अप्पांना हा प्रश्न फार आवडला. "भांगेची पानं असतात. कायद्याने गांजा म्हटलंय तो झाडाच्या फुलोऱ्याला, चरस म्हटलंय राळेला. बिया आणि पानं फुलोऱ्याविना असली तर ती गांजा नव्हेत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कला जगभरच्या देशांनी अमली पदार्थांचा करार केला, त्यातही हीच व्याख्या आहे. आपल्याला जुन्या चालीरीती बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपायच्या आत राजीव गांधींच्या सरकारने कायदा केला."

"म्हणजे भांग सुटली."

"दिल्लीच्या कायद्यातून सुटली. राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याची दुकानं आहेत. आपल्या महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगही येते. परवान्याशिवाय जवळ बाळगलीत तरी गुन्हा."

"काय हो हे! तिकडे गंमत म्हणून प्यायला सरकारी दुकान आणि इकडे दुखणाऱ्या गुडघ्याला जेल?"

"वहिनी, औषधाची वाट कायद्याने बंद केलेली नाही," मी म्हटलं. "वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाखेरीज मनाई, असंच लिहिलंय. राज्याला लागवडीचे नियमही करता येतात. आयुर्वेदात तर विजया म्हणून ती आहेच. भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून ती असलेलं औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं. वाट आहे, फक्त वर्दळ नाही."

"आणि आधी होती का वर्दळ?"

"आधी तर हे औषध इथूनच विलायतेला गेलं. विल्यम ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला होता. इथले वैद्य-हकीम गांजा कशाकशाला देतात ते त्याने विचारून घेतलं, आधी जनावरांवर मात्रा बघितली, मग रुग्णांना दिली. धनुर्वाताला, सांधेदुखीला, झटक्यांना. चाळीस दिवसांच्या एका तान्ह्या मुलीला सारखे झटके यायचे, तिला थेंबाथेंबाने दिलं. १८३९ मध्ये त्याने हे सगळं लिहून काढलं. पुढे अमेरिकेच्या अधिकृत औषधांच्या यादीत १८५० मध्ये गांजाचा अर्क गेला तो १९४२ पर्यंत होता."

"धनुर्वातावर? आणि तो डॉक्टर पुढे काय झाला?"

"पुढे त्याने हिंदुस्थानात तारेचे खांब उभे केले. आपल्याकडची पहिली तारयंत्रणा त्याचीच."

"कामाचा माणूस!" वहिनींनी त्याला पास केलं.

अप्पांना मागे राहून चालणार नव्हतं. "इंग्रजांनी १८९३ मध्ये आयोगही नेमला होता. गांजाने माणसं वेडी होतात अशी विलायतेत ओरड झाली म्हणून. सात सभासद, त्यांत तीन आपले. हजाराच्या वर साक्षी काढल्या, वेड्यांच्या इस्पितळातली दप्तरं तपासली. निष्कर्ष काय, तर बेताने घेणाऱ्याला विशेष अपाय नाही. सरसकट बंदी नको, कर लावा आणि आटोक्यात ठेवा."

"कर लावा! सरकार ते सरकारच," वहिनी म्हणाल्या. "मग बंदी आणली कुणी?"

"त्याचं मोठं श्रेय अमेरिकेला. १९३७ मध्ये त्यांनी गांजावर असा कर आणि असे कागद लावले की डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिणंच सोडलं. त्यांच्याच वैद्यक संघटनेच्या प्रतिनिधीने संसदेच्या समितीपुढे जाऊन विरोध केला होता. ऐकतंय कोण? १९७० मध्ये तर गांजा पहिल्या अनुसूचीत टाकला. म्हणजे हेरॉइनच्या पंक्तीला, औषधी उपयोग शून्य."

"शून्य?"

"कागदावर शून्य. आता मी सांगते ते ऐका. वॉशिंग्टनमध्ये रॉबर्ट रँडल नावाच्या गृहस्थाला काचबिंदू होता. घरी गांजाची झाडं लावली म्हणून पकडलं. त्याने कोर्टात सांगितलं, हे ओढलं नाही तर मी आंधळा होईन. १९७६ मध्ये कोर्टाने ते मानलं. मग सरकारने काय केलं असेल? त्याला सरकारी गांजा सुरू केला. मिसिसिपी विद्यापीठात सरकारी शेत होतं, तिथला माल, यंत्रावर वळलेल्या सिगारेटी, तीन-तीनशेचा डबा. पुढे अशा मोजक्या रुग्णांना महिन्याच्या महिन्याला डबे जायला लागले."

वहिनी पोट धरून हसल्या. "म्हणजे एका हाताने बेड्या आणि दुसऱ्या हाताने विड्या!"

"१९९२ मध्ये नवे रुग्ण घेणं बंद केलं. कारण एड्सचे रोगी अर्ज करायला लागले आणि डबे किती पाठवायचे हा प्रश्न पडला. त्याच्या आधी, १९८५ मध्ये, गांजातल्या मुख्य घटकाची प्रयोगशाळेत बनवलेली कॅप्सूल मंजूर झालेली होती. केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी. कॅप्सूल औषध, झाड निरुपयोगी."

"आणि त्या एड्सच्या पोरांचं काय झालं?"

"त्यांना एक म्हातारी भेटली. मेरी रॅथबन. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इस्पितळात एड्सच्या वॉर्डात सेवेला जायची. औषधांनी पोरांच्या पोटात अन्न ठरत नाही हे बघून गांजाचे ब्राउनी केक भाजून न्यायची. ब्राउनी मेरी म्हणूनच ओळखायचे तिला. तीनदा पकडली. पण केस पांढरे, तोंड फटकळ आणि पाठीशी सगळा वॉर्ड. शहराने तिच्या नावाने एक दिवस साजरा केला. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी थेट मतदान करून औषधी गांजाला परवानगी दिली, त्यात तिच्यासारख्यांचा हात होता."

"मेली गोड असणार," वहिनी म्हणाल्या. हे त्यांच्याकडचं सर्वोच्च प्रशस्तिपत्र.

"पण कायद्याचा गोंधळ बघा," अप्पा मध्ये घुसले. "राज्य म्हणतं चालेल, केंद्र म्हणतं गुन्हा. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्र धरू शकतं. मग एकामागून एक राज्यं परवानगी देत सुटली, आणि बँका पैसे घ्यायला घाबरतात म्हणून दुकानदार रोकड घेऊन बसलेले. गांजा पहिल्या अनुसूचीतून तिसरीत आणायचा प्रस्ताव केंद्राने काढला तो २०२४ च्या मे महिन्यात. तोवर दोन पिढ्या गेल्या."

"मला कोर्ट नको अप्पा," वहिनी म्हणाल्या. "कुणाचं दुखणं कमी झालं का, ते सांगा."

हा प्रश्न माझ्या खात्यातला. "आकडीच्या मुलांचं झालं. कोलोरॅडोत शार्लट फिगी नावाची मुलगी होती. द्रावे म्हणून फार वाईट प्रकारचा अपस्मार. पाच वर्षांची पोर, आठवड्याला तीनशेच्या घरात झटके. सगळी औषधं झाली. शेवटी आईने गांजाचं तेल दिलं. नशेचा घटक जवळजवळ नाही, सीबीडी नावाचा दुसरा घटक जास्त, असं. झटके महिन्याला दोन-तीनवर आले. २०१३ मध्ये सीएनएनवर डॉक्टर संजय गुप्तांनी ते दाखवलं, आणि घरोघरच्या आया कोलोरॅडोला बिऱ्हाड हलवायला लागल्या."

"एका पोरीवरून काय ठरतं?" अप्पांनी रास्त शंका काढली.

"काहीच नाही. म्हणून नीट चाचण्या झाल्या. अर्ध्या मुलांना खरं औषध, अर्ध्यांना नुसतं तसं दिसणारं, आणि कुणाला काय दिलं ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. २०१७ मध्ये निकाल आला. औषधवाल्या मुलांचे महिन्याचे झटके साधारण बारावरून सहावर आले, दुसऱ्यांचे जवळपास होते तेवढेच राहिले. जून २०१८ मध्ये अमेरिकेने एपिडिओलेक्स नावाने ते सिरप मंजूर केलं. गांजाच्या झाडापासून काढलेलं तिथलं पहिलं मंजूर औषध. आता यालाच मी औषध म्हणते. बाटलीवर मात्रा लिहिलेली, वजनाप्रमाणे किती एमएल ते ठरलेलं, यकृताची तपासणी कधी करायची ते लिहिलेलं. आकडीची दुसरी गोळी क्लोबाझाम चालू असेल तर झोप फार येते, हेही लिहिलेलं."

"आणि किंमत?"

"बाजारात आलं तेव्हा वर्षाला साडेबत्तीस हजार डॉलर."

वहिनींनी कपाळाला हात लावला. आमसुलाचा रंग कपाळावर उमटला.

"विलायतेत तर अजून मजा," मी म्हटलं. "उत्तर आयर्लंडचा बिली कॅल्डवेल, बारा वर्षांचा, त्यालाही तसेच झटके. आईने कॅनडातून तेल आणलं. जून २०१८ मध्ये हीथ्रो विमानतळावर अधिकाऱ्यांनी ते काढून घेतलं. पोरगं दोन-चार दिवसांत इस्पितळात. पेपरांत रोज फोटो. गृहमंत्री साजिद जाविद, त्यांना खास परवाना काढून तेल परत द्यावं लागलं. त्याच सुमारास आल्फी डिंगली नावाच्या दुसऱ्या मुलाची आई थेट पंतप्रधान थेरेसा मे यांना भेटून आलेली होती. आणि सरकार इतकं हललं की १ नोव्हेंबर २०१८ ला कायदाच बदलला."

"पाच महिन्यांत!" अप्पा चकित. त्यांच्या कोर्टात पाच महिन्यांत तारीख पडत नसे.

"कायदा पाच महिन्यांत. औषधाचं विचारा. चिठ्ठी लिहायची ती फक्त तज्ज्ञ डॉक्टरने. सरकारी इस्पितळातले तज्ज्ञ म्हणाले, मंजूर सिरपाचा पुरावा आहे, ते देऊ. या मुलांचं तेल म्हणजे अख्ख्या झाडाचा अर्क, त्याचा पुरावा कुठेय? सही कोण करणार? तशा सरकारी चिठ्ठ्या हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच निघाल्या. खासगी दवाखाने मात्र धडाक्यात सुरू झाले. ज्या आयांनी कायदा बदलून घेतला, त्यांच्यातल्या कित्येकींना औषध स्वतःच्या पैशांनी घ्यावं लागलं."

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," वहिनी म्हणाल्या. मग थोडा वेळ गप्प बसून, "तुमच्या लक्षात आलं का? केक भाजणारी ती मेरी, ही शार्लटची आई, त्या दोघी विलायतेतल्या. सगळीकडे बाईच पुढे."

"ऑस्ट्रेलियात बाई होती आणि पोलिसही होता," मी म्हटलं. "टॅमवर्थ गावचा डॅन हॅस्लम. विशीत आतड्याचा कॅन्सर. केमोने अन्न जाईना. गांजा ओढल्यावर पहिल्यांदा जेवला. आई ल्युसी नर्स. आणि वडील कोण माहितेय? त्याच गावच्या पोलिसांत अमली पदार्थ पथकाचे निवृत्त प्रमुख."

"अगं बाई! मग बापाने काय केलंन?"

"मुलाच्या बाजूने उभा राहिला. ल्युसीने सह्यांची मोहीम चालवली. डॅन फेब्रुवारी २०१५ मध्ये गेला. बरोबर वर्षाने, फेब्रुवारी २०१६ मध्ये, तिथल्या संसदेने औषधी लागवडीचा कायदा मंजूर केला."

अप्पा पेपराची सुरळी उलगडत म्हणाले, "आपणहून शहाणपण सुचलेलं एकही सरकार नाही म्हणायचं."

"आहे ना. हॉलंड. त्यांनी आरोग्य खात्यात यासाठी वेगळं कार्यालयच काढलं आणि २००३ पासून औषधांच्या दुकानात ठरल्या प्रतीचा गांजा ठेवला. इटलीने तर सैन्याला कामाला लावलं. फ्लॉरेन्सला लष्कराचा औषधी कारखाना आहे, २०१४ पासून तिथे गांजा पिकवतात. बाहेरून महाग घ्यायला नको म्हणून."

"बंदूकवाले गांजाची राखण करतात?" वहिनींना हे चित्र फारच भावलं. "आणि जर्मनीत तुमची पुतणी आहे ना?"

आहे. औषधांच्या दुकानातच. तिच्याकडचं ऐकून मला माझे दिवस आठवतात. आमच्याकडे एक्स अनुसूचीची औषधं कुलपात असायची. चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक आम्ही दोन वर्षं जपून ठेवायची. निरीक्षक आला की आधी रजिस्टर मागायचा, मग कुलूप उघडायला लावून गोळ्या मोजायचा. जर्मनीत अमली औषधांची चिठ्ठी पिवळ्या रंगाची. २०१७ मध्ये औषधी गांजाला परवानगी मिळाली तेव्हा तोही पिवळ्या चिठ्ठीवर. विमा कंपनीने आधी मंजुरी दिली तर पैसे तिचे. काम किचकट, पण कुणाला, कुणी, कशासाठी दिला याचा माग राहायचा.

"मग १ एप्रिल २०२४ ला त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला," मी वहिनींना म्हटलं. "पिवळी चिठ्ठी गेली, साधी आली. त्याबरोबर मोबाइलवाले डॉक्टर आले. फॉर्म भरा, झोप लागत नाही यावर टिचकी मारा, चिठ्ठी तयार, कुरिअरने माल घरी. बाहेरून येणारा औषधी गांजा वर्षाला तीस-बत्तीस टन होता, तो त्या एका वर्षात सत्तर टनांच्या वर गेला."

"जर्मनांची झोप एका वर्षात एवढी उडाली?"

"झोप होती तेवढीच असणार. पण ही वाढ विम्याच्या चिठ्ठ्यांतली नव्हती, स्वतःच्या खिशातून पैसे देणाऱ्यांची होती. त्यावरून काय ते समजा. आता सरकारच म्हणतंय, डॉक्टरला समोर बसून दाखवा आणि टपालाने पाठवणं बंद करा."

"उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच होणार," अप्पांनी निर्णय दिला. "माझं विचाराल तर सिंगापूर बरं. पाचशे ग्रॅमच्या वर गांजाची तस्करी, की फाशी."

"एप्रिल २०२३ मध्ये दिलीही. किलोभर गांजाच्या प्रकरणात," मी म्हटलं. "पण अप्पा, तेच सिंगापूर आकडीच्या रोग्याला सीबीडीचं औषध, प्रकरण तपासून, देऊ करतं. आणि जपान घ्या. १९४८ पासून कडक कायदा, गांजापासूनचं औषधही चालायचं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुरुस्ती केली, वर्षभराने अमलात आली. औषधाला परवानगी दिली आणि त्याच कायद्यात गांजा ओढण्याला नवी शिक्षा घातली. आधी फक्त बाळगण्याला होती. म्हणजे औषधाला सैल सोडलं की नशेलाही सोडावं लागतं, असं नाही."

अप्पा एकदम गंभीर झाले. कोर्टात साक्षीदार उलटला की त्यांचा चेहरा असाच व्हायचा. "पण नशा करणारा औषधाच्या नावाखाली घेणार, हे तरी मान्य कराल? कॉलेजातली पोरं वेडी होतात याने."

"मान्य. कोवळ्या वयात रोज जोराचा गांजा ओढणाऱ्यांना मनाच्या आजाराचा धोका वाढतो. आणि दुखण्यावरही सगळीकडे चालतं असं नाही. केमोच्या उलट्या, त्या दोन-तीन जातीची आकडी, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आखडणारे स्नायू, इथे पुरावा बरा आहे. जुन्या दुखण्यांवर संमिश्र. गुडघा त्यातच आला, वहिनी. औषध ते, जे कुणीतरी मात्रा ठरवून देतं आणि चुकलं तर त्याची मान धरता येते. थायलंडात धरायला मानच नव्हती. जर्मनीत ती पडद्यामागे गेली. विलायतेत मान पुढे करायला डॉक्टर तयार नाहीत. झाड सगळीकडे तेच हो."

वहिनींनी आमसुलं उलटी केली. एकेक उलटताना त्यांचं डोकं चालतं हे मला अनुभवाने माहीत. "हे सगळं निरनिराळ्या देशांचं झालं. सगळ्यांच्या वर कोण आहे?"

"व्हिएन्ना," अप्पांनी पुन्हा सूत्रं घेतली. "संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थ आयोग. १९६१ च्या करारात गांजा दोन याद्यांत होता. एक नियंत्रणाची, दुसरी सर्वांत धोकादायक आणि औषधी उपयोग नगण्य अशांची, हेरॉइनच्या शेजारी. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, दुसऱ्या यादीतून काढा. २ डिसेंबर २०२० ला मतदान झालं. त्रेपन्न देश. काढा म्हणणारे सत्तावीस, ठेवा म्हणणारे पंचवीस, आणि युक्रेन तटस्थ."

"सत्तावीस-पंचवीस! ग्रामपंचायतीच्या वरताण. आणि आपण?"

"भारत सत्तावीसांत. चीन, रशिया, जपान, पाकिस्तान विरोधात."

"म्हणजे आपण उलट मत दिलं असतं तर?"

"सव्वीस-सव्वीस. प्रस्ताव पडला असता," अप्पा अभिमानाने म्हणाले, जणू मत त्यांनीच टाकलं होतं. "अर्थात पहिल्या यादीत गांजा अजून आहेच. नियंत्रण सुटलेलं नाही. आणि तटस्थ राहिलेल्या युक्रेनने पुढे लढाईत जखमी झालेल्या सैनिकांसाठी २०२४ मध्ये औषधी गांजाचा कायदा केला."

वहिनींचं तोंड एकदम उजळलं. "डिसेंबर २०२० ना? थांबा, मला आठवतंय. माझं माहेर पेडण्याचं. त्याच नाताळच्या सुमाराला भावाचा फोन आला होता, म्हणे आता कुळागरात सुपारीऐवजी गांजा लावतो. गोव्यात केवढा गदारोळ!"

"बरोबर," मी म्हटलं. "जम्मूला केंद्र सरकारची औषधी वनस्पतींवर संशोधन करणारी संस्था आहे. परवाना काढून, कुंपणाच्या आत गांजा लावून ती औषधांवर काम करते. औषधासाठी मर्यादित लागवडीचा तसाच प्रस्ताव गोव्याच्या कायदा खात्याने तपासून पुढे सरकवला. बाहेर बातमी फुटली ती गोव्यात गांजाची शेती अशी."

"विरोधी पक्ष तुटून पडले. आधीच बदनामी कमी आहे का गोव्याची, म्हणून. मग मुख्यमंत्री सावंतांनी सांगितलं, सरकार परवानगी देणार नाही. विषय खलास. भावाने सुपारीच ठेवली."

"उत्तराखंडाने २०१८ मध्ये धाग्यासाठी लागवडीला परवाने दिले, नशेचा घटक नगण्य असलेल्या जातीचे," अप्पा म्हणाले. "हिमाचलच्या विधानसभेने २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीचा ठराव केला. तिथे झाड रस्त्याच्या कडेला आपसूक उगवतं, त्यांना निदान लाजायचं कारण नाही. पण आपलं धोरण काय म्हणायचं? व्हिएन्नात हो आणि गोव्यात नाही?"

"त्यात विसंगती काही नाही, अप्पा," मी म्हटलं. "व्हिएन्नात मत द्यायला ना जमीन लागत, ना कुलूप, ना रजिस्टर, ना मान पुढे करणारा डॉक्टर. गोव्यात हे सगळं लागलं असतं."

"आणि निवडणूक?" वहिनींनी विचारलं.

"ती तर पहिली लागते."